कापा चार, बरका तीन

नसरुद्दीन होडेकरला दोह्यात अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. यात त्याला अपमान वाटत नसे, उलट सोय वाटे. ज्याला कोणी काही विचारत नाही त्याचं काही चुकत नाही. मग २००३ च्या डिसेंबरात एका जर्मन डॉक्टरबाईने त्याला फक्त दोन शब्दांबद्दल विचारलं, आणि हा बिचारा इतका सविस्तर बोलला की एका शेखाचं आणि एका वसईकराचं त्या दिवशीचं जेवण बेचव झालं.

पण आधी माणूस कोण ते सांगायला हवं. नसरुद्दीन लांज्याजवळच्या एका वाडीतला. बाप अबूबकर फणसाचा व्यापारी. व्यापारी म्हणजे फार मोठं काही नाही: झाडं उक्ती घ्यायची, फणस उतरवायचे, बाजाराला न्यायचे. ढिगातला फणस कापा आहे की बरका, म्हणजे गरे करकरीत निघणार की गिळगिळीत, हे इतरांना सुरी घातल्यावर कळतं. अबूबकरना बोटाच्या पेराने टकटक केलं की कळे. ‘फनसाचा भाव डोल्यानी नाय, कानानी करायचा,’ असं ते म्हणत, आणि बरका त्यांनी कापा म्हणून उभ्या जन्मात विकला नाही. नसरुद्दीनला बापाकडून जमीन मिळाली नाही, झाड मिळालं नाही, हा कान तेवढा मिळाला. आता वाळवंटात फणसाचा कान घेऊन माणसाने करायचं काय? त्याने तो अकरा वर्षं गुपचूप सांभाळला.

त्याचं लग्न ब्याण्णवच्या मे महिन्यात झालं आणि ऑगस्टात व्हिसा आला. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. अकरा वर्षांच्या संसारात नवराबायको एका छपराखाली एकूण तेरा महिने राहिली होती. बायको ताहेरुन्निसा, मुलगी अलीजा आठ वर्षांची. त्यांना इकडे आणावं एवढी एकच इच्छा नसरुद्दीनला होती. ती इतकी जुनी झाली होती की जुम्याच्या दुआमध्ये ती आपोआप तोंडातून निघे. अडचण कागदाची होती. त्याच्या व्हिसावर कामाच्या जागी ‘हमाल’ लिहिलेलं होतं, आणि हमालाला इथे बायको आणता येत नाही. स्टोअरकीपरला येते. आता हमालाचं प्रेम हलकं आणि स्टोअरकीपरचं भारी असं कोणत्या तराजूत मोजलं, ते सरकारलाच ठाऊक.

काम मात्र तो कधीपासून स्टोअरकीपरचंच करत होता. त्याच्या शेखांना वस्तू जमवायचा नाद होता. गालिचे, घड्याळं, तलवारी, कुठल्या तरी राजाचा दाढीचा डबा. विमान उतरलं की एक खोकं उतरलंच. हे सगळं अल अझीझियामधल्या एका व्हिलात ठेवलेलं असे, आणि त्या व्हिलाच्या किल्ल्या नसरुद्दीनच्या कमरेला. यादी ठेवायचं काम हॅरी तुस्कानोचं. हॅरी वसईचा, शेखांच्या वेस्ट बेमधल्या ऑफिसात मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस मनाने लोण्यासारखा, पण एक खोड होती: कागदावरचा रिकामा रकाना त्याला बघवत नसे. घरी शब्दकोडंसुद्धा तो वाटेल ती अक्षरं भरून पूर्ण करी.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेखांनी युरोपातून पेले आणले. पेले म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतात ते पेले नव्हेत. चारशे वर्षांपूर्वी जर्मनीत न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्ग नावाच्या गावांत सोनार होते. ते चांदी ठोकून पेले घडवत, वर सोन्याचा मुलामा देत, आणि पेला पेल्यासारखा दिसला तर त्यांना बहुधा दंड होत असावा. एक घुबड होतं, मुंडकं उचललं की आत दारू. एक हरिण होतं, त्याचीही तीच गत. एक शिडाचं जहाज होतं आणि त्याला चाकं होती. एक बाई होती, घेरदार परकर नेसलेली, डोक्यावर दोन्ही हातांनी वाटी धरलेली. नसरुद्दीनला ती घंटा वाटली आणि तो दहा मिनिटं परकरात लोलक शोधत बसला.

दोघांची कामाची पद्धत ठरलेली होती. नसरुद्दीन खोकं उघडून वस्तू वर धरी आणि दिसेल ते मराठीत सांगे. हॅरी ते कॉम्प्युटरवर इंग्रजीत टाकी. आउल. डिअर. शिप विथ व्हील्स. लेडी, पॉसिबली बेल. असं सुरळीत चाललं असताना नसरुद्दीनने एक उंच पेला बाहेर काढला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

‘हॅरीसाहेब, फनस.’

हॅरीने मान वर केली. फणसच होता. सोनेरी, अंगभर टपोरे उठाव असलेला, आणि खालची दांडी म्हणजे चक्क झाडाचं खोड. खोडाशी बोटभर उंचीचा एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा. असे एकूण सात निघाले. नसरुद्दीनने हातमोजा काढला आणि, विचार न करता, बापाच्या सवयीने पेराने टकटक केलं.

‘यो कापा,’ तो म्हणाला. मग आणखी एकावर टकटक. ‘यो बरका.’

कापा चार, बरका तीन. हॅरीने इमानदारीत टाईप केलं. विम्यासाठी आलेल्या छापील नमुन्यात वस्तूच्या नावापुढे एक रकाना होता: ‘मेकर’, म्हणजे घडवणारा कोण. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता आणि हॅरीला दोन दिवस छळत होता. त्याने ‘कापा’ आणि ‘बरका’ तिथे टाकले. रकाना थोडा तरी भरला, आणि हॅरी तुस्कानो समाधानाने जेवायला गेला.

शुक्रवारी नसरुद्दीनने अल मुंतझामधल्या टेलिफोनच्या दुकानातून घरी फोन लावला आणि ही बातमी सांगितली.

‘सोन्याचा फनस करून काय चाटायचा हाय?’ ताहेरुन्निसा म्हणाली. ‘गरे तरी हायेत काय आत?’

‘आत दारू ओतायची.’

‘तौबा. फनसाची बदनामी झाली.’ मग थोडं थांबून, ‘कागदाचा काय झाला?’

कागदाचं असं झालं होतं की हॅरीने व्हिसावरच्या ‘हमाल’चं ‘स्टोअरकीपर’ करण्याचा अर्ज लिहून शेखांपुढे ठेवला होता. शेख म्हणाले होते, डिसेंबरात जर्मनीहून पेल्यांच्या जाणकार डॉक्टरबाई येणार आहेत. माल नीट ठेवलाय, यादी नीट आहे असं त्या बोलल्या तर लगेच सही करतो. म्हणजे नसरुद्दीनचा संसार आता एका यादीवर टांगलेला होता, आणि त्या यादीत फणस होता.

नोव्हेंबरात डॉक्टरबाईंची ईमेल आली. हॅरी ती छापून, गाडी काढून, अल अझीझियाला धापा टाकत आला.

‘नसरूभाई, मेलो,’ तो म्हणाला आणि खोक्यावर बसला.

बाईंनी लिहिलं होतं की यादी त्यांना अतिशय आवडली. विशेषतः मास्टर कापा आणि मास्टर बरका या दोन सोनारांविषयी वाचून त्या थक्क झाल्या आहेत. न्यूरेंबर्गच्या सोनारांच्या सगळ्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या, ही नावं कुठेच नाहीत. हा मोठाच शोध दिसतो. तुमचा आधार काय?

‘मंग तुमी काय लिवलात?’ नसरुद्दीनने विचारलं.

‘लिहिलं, आधार लोकल आहे.’

‘बरोबर हाय की.’

‘त्यावर त्यांनी विचारलं, लोकल म्हणजे न्यूरेंबर्गचा लोकल का. मी येस म्हटलं.’

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हॅरीच अडला होता आणि धरायला गाढवही जवळ नव्हतं. नसरुद्दीन म्हणाला, खरं सांगून टाका, हसतील आणि सोडून देतील. तेही जमलं असतं. पण त्या ईमेलची प्रत शेखांना गेली होती. शेखांनी मजलिसमध्ये पाहुण्यांना सांगून टाकलं होतं की जगात मास्टर कापाचे चारच पेले उरलेत आणि चारही माझ्याकडे आहेत. एका पाहुण्याने म्हणे मान हलवून सांगितलं की कापाचं नाव त्याने पूर्वी पॅरिसला ऐकलं आहे. इतकं झाल्यावर खरं सांगायला वाघाचं काळीज लागतं, आणि हॅरीकडे दोन पेनं होती.

‘आपण गप्प बसायचं,’ हॅरी म्हणाला. ‘बाई येतील, बघतील, जातील. तुझा कागद सही होईल. मग कापा मरू दे नाहीतर बरका.’

नसरुद्दीनला हे पटलं नाही, पण त्याने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांसमोर अलीजा दोन वेण्या घालून विमानातून उतरत होती. त्या बदल्यात एक जर्मन सोनार जन्माला येत असेल तर येऊ दे, असं त्याने स्वतःला समजावलं.

डॉक्टरबाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात भिंग, हातात टॉर्च, आणि पेल्यांकडे नातवंडांकडे बघावं तशा बघणाऱ्या. मऊ फडकी, हातमोजे, खोलीतला गारवा, सगळं पाहून त्या खूश झाल्या. परकरवाल्या बाईचं गुपितही त्यांनीच सांगितलं: ती घंटा नव्हे. लग्नात तिला उलटी करून नवऱ्याने परकरातून प्यायचं, वाटीतला थेंब न सांडता, आणि वाटी नवरीसाठी. ऐकून नसरुद्दीनचे कान लाल झाले आणि तो ताहेरुन्निसाला हे सांगायचं की नाही यावर विचार करू लागला. तेवढ्यात शेखही आले, मागून गावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, आला, चिमुकल्या कपांत. सगळे सात फणसांपुढे उभे राहिले.

‘तर हा मास्टर कापा,’ बाई इंग्रजीत म्हणाल्या. ‘तो मूळचा कुठला?’

‘मॅडम, कोस्टल एरिया,’ हॅरी म्हणाला.

‘न्यूरेंबर्गला समुद्र नाही.’

‘नाही ना. म्हणून तर तो तिथे गेला.’

बाईंनी भिंगातून हॅरीकडे पाहिलं. हॅरीचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. शेखांनी मोठ्या अभिमानाने कपातला घोट घेतला. नसरुद्दीन कोपऱ्यात हात बांधून उभा होता आणि मनातल्या मनात दुरूद पुटपुटत होता. पाच मिनिटं आणखी गेली असती तर सगळं पार पडलं असतं. बाईंनी दुसरा पेला उचलला, पाचव्याशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, ‘नक्षी तीच, खोड तेच, कुऱ्हाडवाला तोच. माझ्या मते हा पाचवाही कापाचाच.’

‘येस, येस, कापा,’ हॅरी म्हणाला.

‘नो मॅडम,’ कोपऱ्यातून आवाज आला. ‘धिस बरका.’

हे आपण बोललो, हे नसरुद्दीनला बोलून झाल्यावर कळलं. त्याच्यातला हमाल गप्प होता, नवरा गप्प होता, बाप गप्प होता; पण अबूबकरचा मुलगा काही गप्प बसेना. डोळ्यांदेखत बरका कापा म्हणून खपतोय हे त्याला सहनच झालं नाही.

‘तुला कसं माहीत?’ बाईंनी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं.

नसरुद्दीनने हातमोजा काढला. बाईंच्या तोंडून ‘नाइन, नाइन’, म्हणजे जर्मनमधलं ‘नको, नको’, निघालं; हॅरीला वाटलं त्या नऊ पेले म्हणताहेत, आणि तो घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला, सातच आहेत. तोवर पेर दुसऱ्या पेल्यावर टेकलं होतं. टण्ण. मग पाचव्यावर. बद्द. पुन्हा: टण्ण. बद्द. आणि मग नसरुद्दीनची जी गाडी सुटली ती सुटलीच. हिंदी, इंग्रजी, मधेच अरबी, जिथे अडेल तिथे लांज्याची बोली, असं करत त्याने फणस सांगितला. कापा म्हणजे काय, बरका म्हणजे काय, गरा कसा, बाप कोण. कापा माणूस नव्हे, बरकाही नव्हे. हॅरीसाहेबांचा दोष नाही, रकाना रिकामा होता.

शेखांचा कप हवेत होता.

‘फणस,’ बाई हळूच म्हणाल्या. ‘आमच्याकडे याला अननस पेला म्हणतात. काही जण म्हणतात द्राक्षांचा घड.’

‘मॅडम,’ नसरुद्दीन कळवळून म्हणाला, ‘अननस जमिनीवर. द्राक्ष वेलीवर. झाडाच्या खोडाला काय लागतं?’ आणि त्याने त्या कुऱ्हाडवाल्या माणसाकडे बोट दाखवलं, साक्षीदार उभा करावा तसं.

बाईंना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की भिंग गळ्यात उड्या मारू लागलं. मग हॅरी भीतीने हसला, मग शेखांचा गावावाला हसला. शेख हसले नाहीत. आणि हसता हसता बाई एकदम थांबल्या. ‘पुन्हा वाजव,’ म्हणाल्या.

नसरुद्दीनने सातही वाजवले. चार टण्ण, तीन बद्द. बाईंनी टॉर्च घेतला आणि एकेका पेल्यात डोकं घातलं. चार पेल्यांच्या आत हातोडीच्या घावांच्या बारीक खुणा होत्या. तिघांत एकही नव्हती. आतून ते ओल्या वाळूसारखे दाणेदार होते. बाई ताठ उभ्या राहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या की हे तीन ठोकून घडवलेलेच नाहीत. खऱ्या पेल्यावरून साचा घेऊन, त्यावर विजेने चांदी चढवून केलेल्या या नकला आहेत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या. विकणाऱ्याने चारशे वर्षांच्या म्हणून विकल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आगीतून निघून नसरुद्दीन फुफाट्यात उभा होता, एक मोजा हातात, एक खिशात.

शेखांनी कप खाली ठेवला. ‘तुला हे केव्हापासून माहीत होतं?’ त्यांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं.

‘खोकं उघडलं त्या दिवसापासून.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘कोणी विचारलं नाही, शेखसाहेब. आणि ते खोटे आहेत हे मला माहीत नव्हतं. बरके आहेत एवढंच माहीत होतं. बरकाही लोक आवडीने खातात. कापा म्हणून विकू नये, इतकंच.’

शेख निघाले. दारात त्यांनी हॅरीला एवढंच सांगितलं की विकणाऱ्याला फोन लाव. अर्जाचं नाव कोणी काढलं नाही.

पुढचे नऊ दिवस वाईट गेले. हॅरी रोज यायचा, ‘इन्शाल्ला होईल’ म्हणायचा आणि स्वतःच्याच शब्दावर विश्वास नसल्यासारखा बुटांकडे बघायचा. शुक्रवारी फोनवर ताहेरुन्निसाने सगळं ऐकून घेतलं. नसरुद्दीनला वाटलं ती रडेल, नाहीतर बोल लावेल.

‘बरका कापा म्हनून खपवलात असतात,’ ती म्हणाली, ‘तं मी आलेच नसते.’

मग तिने फोन ठेवला, आणि ती रडतेय हे त्याला ठेवण्याच्या आवाजावरून कळलं. त्याचा कान चांगला होता. दुकानाबाहेर येऊन तो बराच वेळ उन्हात उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःचा राग आला.

दहाव्या दिवशी अब्बास आला. अब्बास म्हणजे शेखांचा मंदूब, सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, स्वभावाने कडू, चहा मात्र गोड पिणारा. त्याने पाकीट टाकलं आणि तक्रारच सुरू केली.

‘तुझ्यापायी दोन दिवस वाया गेले. शेख म्हणाले, लिही, फणसाचा तज्ज्ञ. कचेरीच्या कॉम्प्युटरमध्ये फणसच नाही. वाद घातला, भांडलो, शेवटी नुसतं खबीर लिहून घेतलं.’

‘खबीर म्हंजे?’

‘जाणकार. आता उठ, तीन फोटो दे, बायकोचा पासपोर्ट मागव. यल्ला.’

नसरुद्दीन उठला आणि खाली बसला आणि पुन्हा उठला. हॅरीने त्याला मिठी मारली, दोन्ही पेनं त्याच्या छातीत रुतली, आणि दोघेही घुबडाच्या आणि हरणाच्या साक्षीने खुळ्यासारखे हसत सुटले.

मार्चच्या एका दुपारी ताहेरुन्निसा आणि अलीजा उतरल्या. अल मुंतझामध्ये एका लाँड्रीच्या वर त्याने दीड खोली घेतली होती. ताहेरुन्निसाने ती एका नजरेत पाहिली, खिडकी पुसलेली नाही हे सांगितलं आणि पिशव्या सोडायला बसली. अलीजा भिंतीला टेकून बापाकडे पाहत राहिली. तिला तो माणूस माहीत होता. तो दर दोन वर्षांनी येई, आणि आला की पहिल्याच दिवशी ती त्याला एक प्रश्न विचारी, आणि तो सांगेल ती तारीख खडूने दारामागे लिहून ठेवी.

‘अब्बा,’ तिने विचारलं, ‘तुमी परत कवा जानार?’

नसरुद्दीनने सवयीने तोंड उघडलं. तारीख आली नाही.

‘नाय जानार,’ तो म्हणाला.

अलीजाला हे खरं वाटलं नाही. ती आईकडे वळली. ‘अम्मी, अब्बा कवा जानार?’

ताहेरुन्निसाने पिशवीतून मान वर केली नाही. तिचे हात मात्र थांबले होते.

‘मना नको इचारू, त्यानाच इचार परत,’ ती म्हणाली. ‘मना पन आयकायचा हाय.’

मग नसरुद्दीनने ते पुन्हा एकदा सांगितलं.